एकाच शाईतल्या खुणा

शनिवार, ११ मे

बारके,

चिरंजीव, अनेक आशीर्वाद वगैरे लिहायला पेन टेकवलं होतं, पण नऊ महिन्यांनी पाठवलेल्या पहिल्या पत्रात ते तोंडदेखलं दिसेल म्हणून सोडून दिलं. तू बरी असशील असं धरून चालते. मीही बरी. गुडघा कुरकुरतो, पण तो आता घरच्या माणसासारखा झालाय, एखाद्या दिवशी गप्प राहिला तर मलाच चुकल्यासारखं होतं. वृद्धाश्रमात माझ्या वॉर्डात सध्या चौदा जण आहेत, चौदाही अंथरुणावर. घड्याळजी आजोबा अजून आहेत. रोज सकाळी माझ्या मनगटाकडे बघून "सिस्टर, दोन मिनिटं मागे" म्हणतात, आणि घड्याळ खरंच मागे असतं. यंदा उकाडा फार आहे, आणि माशांचं तर विचारूच नकोस.

तुला तीनदा फोन केला. तू तिन्ही वेळा कापलास, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण काम अडलंय, म्हणून हा कागद. माझ्या वरच्या मजल्यावर शिंपीकाका राहतात, ते स्कूटरवरून तुझ्या बाजूला येणार आहेत, दाराच्या टपालपेटीत टाकतील. मी स्वतः येत नाही. पुन्हा या दारात पाय ठेवू नकोस असं तू म्हणाली होतीस, ते माझ्या लक्षात आहे.

काम असं, की आईचा ससा आजारी आहे. पाहुणा. परवा सकाळपासून जनावरांच्या दवाखान्यात आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने तुझ्यापेक्षाही लहान, पण बोलायला खमक्या. त्या म्हणाल्या, ससा वरून काही कळू देत नाही आणि एकदम जातो. पुढचे चार दिवस निघाले तर पुढचं बोलू. त्यांनी मला बरंच काही विचारलं आणि निम्म्याहून जास्त प्रश्नांना मी "माहीत नाही" म्हटलं. पाच वर्षं तो तुझ्या हाताखाली होता, माझ्याकडे फक्त नऊ महिने. तेव्हा मला हे हवंय.

त्याचं वय नक्की काय? शेजारीणबाईंनी दोन दिवस सांभाळा म्हणून ठेवला आणि त्या घरच सोडून गेल्या, तेव्हा तो केवढा होता? आई म्हणायची, पाहुणा आला तो थेट जेवायलाच बसला, उठायचं नाव नाही. एवढंच मला आठवतं, आणि यातून डॉक्टरला वय कळत नाही. त्याचे दात कधी घासून कमी करून घेतले होते का? तुझ्याकडे असताना त्याला पातळ व्हायचं का? त्याला खायला काय काय द्यायचीस, आणि किती? आणि तुझ्याकडे त्याला असं कधी झालं होतं का?

असं म्हणजे, मागच्या बाजूला जखम झाली आहे. सविस्तर लिहीत बसत नाही. उन्हाळ्यात सशांना होतं म्हणे, चांगल्या चांगल्या घरांत होतं. मी त्याला डोळ्यांत तेल घालून सांभाळलं, बारके. पिंजऱ्यावर कार्ड लावलं होतं, दाणा, पाणी, गवत, सकाळ-संध्याकाळ, आणि रोजच्या रोज टिक करत होते. एक दिवस चुकला नाही. कार्ड बघायला मिळालं तर तुलाही पटेल.

उत्तर माझ्यासाठी देऊ नकोस. त्याच्यासाठी दे. शिंपीकाका सोमवारी परत येताना तुझ्या दारावर टकटक करतील.

ताई


मंगळवार, १४ मे

बारके,

तुझा कागद मिळाला. वर मायना नाही, खाली नाव नाही, आणि कोपऱ्यात खळीचं बोट उमटलेलं. म्हणजे पुस्तकं बांधता बांधताच लिहिलास. मी तो दवाखान्यात नेऊन डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे कुणी लिहिलंय? यांच्याकडे असता तर इथे आला नसता." मी म्हटलं, माझी बहीण. हे दोन शब्द चारचौघांत म्हणून किती दिवस झाले होते.

पाहुणा जिवंत आहे. आधी हे लिहायला हवं होतं. खात नाही, पण जिवंत आहे.

तुझ्या कागदातलं एकेक वाक्य मला आता पाठ झालंय. सकाळ-संध्याकाळ त्याला मांडीवर उताणा घेऊन शेपटीखाली बघायचं. काही ओलं, चिकटलेलं दिसलं तर कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसायचं आणि पूर्ण कोरडं करूनच खाली सोडायचं. वाळलेलं गवत भरपूर, दाणा मूठभरच, केळं आठवड्यातून नखाएवढं, बिस्किट कधीच नाही. उन्हाळ्यात अंथरूण रोज बदलायचं, ओला कोपरा दिवसातून दोनदा. पिंजऱ्याला जुन्या मच्छरदाणीची जाळी. आणि सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक अक्षरात: "तू त्याला उलटा करून बघत होतीस का?"

या एका ओळीचं उत्तर लिहायला तिसऱ्यांदा कागद घेतलाय. पहिले दोन फाडले, कारण त्यांत मी गुडघ्याबद्दल लिहिलं होतं.

नाही. बघत नव्हते.

माझ्या कार्डावर दाणा होता, पाणी होतं, गवत होतं. उलटा करून बघायचं हे कार्डावर नव्हतं, म्हणून मी केलं नाही. उचलला की लाथा झाडायचा, कपड्यांवर केस चिकटायचे, आणि दिवसभर चौदा माणसांना या कुशीवरून त्या कुशीवर करून आलेल्या बाईला घरी येऊन आणखी कुणाला उलटं करायची इच्छा नसायची. मी हे कारण म्हणून सांगत नाही. जसं होतं तसं सांगतेय.

आणि केळं रोज. ड्यूटीवरून आले की अर्धं मला, अर्धं त्याला. चहाबरोबर बिस्किटं, एक मला, एक त्याला. आई गेल्यापासून मी दार उघडल्यावर मान वर करणारा तोच एक होता, मग माझा हात आखडता कसा राहणार? गोल गरगरीत झाला, तेव्हा मी शिंपीकाकांना कौतुकाने दाखवलं की बघा, माझ्याकडे येऊन कसं बाळसं धरलंय. डॉक्टरीणबाईंनी मला हे बाळसं समजावून सांगितलं. जाड झालेल्या सशाचं तोंड मागे पोचत नाही. त्याला स्वतःला चाटून साफ करता येत नाही. गोड खाऊन पोट बिघडतं, मऊ लेंडी चिकटून राहते, केस ओले राहतात, आणि माशीला नेमकं तेवढंच हवं असतं.

पिंजरा मी गॅलरीत ठेवला होता, मोरीच्या बाजूला. हवा खेळती राहील म्हणून.

मागच्या आठवड्यात, सोमवारी तो कोपऱ्यात जाऊन बसला. मला वाटलं, उकाड्याने. मंगळवारी केळ्याला तोंड लावलं नाही. मला वाटलं, आमचे साहेब आता नखरे करायला लागले. बुधवारी गॅलरीत गेले तर वास आला. मी मोरीत फिनेल ओतलं आणि आत आले. हे नीट वाच, बारके. मला वास आला आणि मी मोरी धुतली.

गुरुवारी सकाळी ड्यूटीला निघताना त्याला उचललं, कारण तो हाक मारूनही हलेना. मागचे केस भिजून एकमेकांना चिकटले होते, आणि त्यांत बारीक पांढरं काहीतरी, तांदळाच्या कण्या सांडाव्यात तसं. मी बोटाने झटकायला गेले. झटकलं जाईना. केस बाजूला केले तर खालच्या कण्या हलत होत्या. कातडीला भोकं पडली होती आणि त्यांतून त्या आत-बाहेर करत होत्या. माणसाच्या किती जखमा मी बघितल्या असतील, धुतल्या असतील. तरी मी त्याला छातीशी धरून तशीच खाली बसले. शिंपीकाकांना हाक मारली ती वरच्या दोन मजल्यांना ऐकू गेली.

काका धागे उसवायचा चिमटा हातात घेऊनच खाली आले. मी वॉर्डातून आणलेली जंतुनाशकाची बाटली उघडत होते. बादलीत पाणी काढून त्याला त्यात बसवायचं आणि बाटली ओतायची असा माझा बेत होता, माझा अनुभव बघ. नशीब, काकांनी आधी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्यात घालू नका, तुमच्याकडचं कोणतंही औषध लावू नका. थंडगार ओला ससा धक्क्याने जातो, आणि भिजलेले केस कापताही येत नाहीत. वरवर दिसतात त्या अळ्या चिमट्याने काढा, टॉवेलात गुंडाळून ऊब द्या आणि आत्ता निघा. मी विचारलं, ड्यूटी करून दुपारी आणलं तर? त्या म्हणाल्या, "दुपारपर्यंत आणायला काही उरणार नाही." अंडी घातल्यापासून एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर येतात म्हणे, आणि बाहेर आल्या की प्रत्येक तासाला आणखी आत जातात.

स्कूटरवर काका पुढे, मी मागे, मांडीवर टॉवेलाचं गाठोडं. वाटभर मी दोन बोटांनी त्याची छाती चाचपत होते.

तिथे त्यांनी मागचा सगळा भाग मशीनने भादरला. कोमट सलाईनने धुतलं, चिमट्याने एकेक वेचली, पुन्हा धुतलं, पुन्हा वेचली. दोन तास चाललं होतं. बशी भरली तेव्हा मी बाहेर जाऊन उभी राहिले. आत राहिलेल्या मराव्यात म्हणून एक इंजेक्शन, दुखू नये म्हणून एक, जखम चिघळू नये म्हणून एक, आणि कातडीखाली सलाईन. सशाचं आतडं एकदा थांबलं की तेवढ्यानेही तो जातो, म्हणून गवताची पूड पाण्यात कालवून सुई नसलेल्या सिरिंजने तोंडात सोडत आहेत. थोडं गिळतो, थोडं टॉवेलवर.

मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, एवढं होत असताना तो ओरडला कसा नाही? त्या म्हणाल्या, ससे ओरडत नाहीत. दुखायला लागलं की ते गप्प बसतात, आणि घरचे समजतात, शहाणा झाला.

आईला नेलं त्या दिवशी दवाखान्यात मी तुला जे बोलले, ते पुन्हा लिहायला हात वळत नाही, पण न लिहिता पुढेही जाता येत नाही. डॉक्टरांनी आईला कुशीवर केलं, अंथरुणाला खिळून पाठीला झालेली ती जखम सगळ्यांनी बघितली, मामाने तोंड फिरवलं. आणि मी मामासमोर, काकूसमोर, अनोळखी माणसांसमोर म्हटलं, "मी चौदा जणांना सांभाळते, एकाच्याही पाठीला ओरखडा नाही. तुला एक आई सांभाळता आली नाही." आई गेल्यावर तिच्या खोलीतून पाहुण्याला टोपलीत घालून उचलून आणलं, वर म्हटलं, तुझ्या हातात हाही जगणार नाही. माझ्या जिभेला कधी हाड नव्हतं, पण त्या दिवशी तर तिला लाजही नव्हती.

आणखी एक लिहायचं होतं. पण वॉर्डातल्या पाळीची वेळ झाली आहे, आणि ते घाईत लिहिण्यासारखं नाही. त्याची खबर शिंपीकाकांबरोबर रोज कळवत जाईन.

ताई


रविवार, २६ मे

बारके,

आधी त्याचं. पाहुणा वाचला. शनिवारी, अठरा तारखेला, घरी सोडलं. काल परत दाखवून आणला, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता भीती नाही. जखम चारी बाजूंनी भरत आलीये, भादरलेल्या जागेवर खुरटे केस यायला लागलेत. मागून अगदी म्हातारा दिसतो आणि पुढून नवरदेव. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा नीट, कोरड्या, गोल लेंड्या टाकल्या. मी इतक्या मोठ्याने सांगितलं, की शिंपीकाका शिलाई अर्धी टाकून बघायला खाली आले. दोन शहाणी माणसं गुडघ्यांवर बसून लेंड्यांकडे कौतुकाने बघत होतो.

पिंजरा आता आत आहे, खिडकीपाशी. मच्छरदाणीची जाळी काकांनी शिवून दिली, कडेला इलास्टिकसुद्धा घातलं. केळं बंद. पहिले दोन दिवस माझ्याकडे असा बघायचा की मीच त्याची गुन्हेगार, मग गवताला लागला. सकाळ-संध्याकाळ मांडीवर उताणा घेते, शेपटीखाली बघते, पोट बघते, मांड्यांच्या घड्या बघते. कार्ड काढून टाकलंय. का काढलं, तेच आज लिहायला बसले आहे. आज सुट्टी आहे, पाळीची घाई नाही, गुडघाही फार दुखत नाही. सबबी सगळ्या संपल्यात.

बारके, आई दवाखान्यात गेली त्याच्या अकरा दिवस आधीच्या रविवारी मी तुमच्याकडे आले होते. तुला आठवत असणारच. मला रोज आठवतं.

आईच्या पलंगावर भिंतीला मी केलेला तक्ता होता. डावी कूस, पाठ, उजवी कूस, दर दोन तासांनी, दिवसाचे बारा चौकोन. वॉर्डातला तक्ता जसाच्या तसा उतरवून मीच आणला होता, मीच खिळा ठोकला होता, आणि तुला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं होतं, जशी तू काल कामाला लागलेली नवी मुलगी. दर वेळी आले की मी आधी त्या तक्त्यापाशी जायची, मग आईकडे. त्या दिवशीही तसंच केलं.

खोलीच्या दारातच मला वास आला होता.

तो वास ओळखायला मला डॉक्टर लागत नाही. बावीस वर्षं मी त्या वासामागे पांघरुणं उचलत आलेय. आणि त्या दिवशी दारात उभं राहून मी स्वतःला सांगितलं, की हिची खळ आंबली असेल. तुझं खळीचं पातेलं तिथेच कोपऱ्यात होतं, झाकलेलं. खळ ताजी होती, बारके. मी झाकण उचलून बघितलं होतं. तरी मनाशी खळच म्हटलं.

मग तक्ता बघितला. आठवड्याचे सगळे चौकोन भरलेले, एकही मोकळा नाही. सगळ्या टिका एकाच शाईतल्या, एकाच बाजूला कललेल्या, एका बैठकीत केलेल्या. आमच्या धंद्यात पलंगापाशी उभं राहून केलेली टिक आणि पाळी संपताना खुर्चीत बसून केलेली टिक कुणीही लांबून ओळखतं. मी ओळखते, कारण ज्या दिवशी दोघीतिघी रजेवर असतात, त्या दिवशी मीसुद्धा खुर्चीतच करते. चौदा जणांपैकी एकाच्याही पाठीला ओरखडा नाही, हे मी जे सगळ्यांसमोर बोलले, तेही खरं नव्हतं. त्याच्या आधीच्या मार्चमध्ये एका आजींना झाला होता. बरा झाला, म्हणून धरला नाही.

मी तुला विचारलं, "तक्ता नीट भरतेयस ना?" तू हो म्हणालीस. तुझे डोळे खोल गेले होते, हाताच्या बोटांवर पट्ट्या होत्या, आणि तू माझ्याकडे बघत नव्हतीस. आई हात लावू देत नव्हती, हलवलं की कळवळायची, तुला शपथ घालायची, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी पाणी पाजायला वाकले तर मलाच म्हणाली, "ताई, हलवू नकोस गं, आत्ताच डोळा लागतोय." आणि मला सुटल्यासारखं झालं. खरं लिहिते, मला बरं वाटलं. कारण हलवलं असतं तर दिसलं असतं. दिसलं असतं तर मला रजा टाकून राहावं लागलं असतं, किंवा तिला माझ्याकडे आणावं लागलं असतं. सहा दिवस मी पाठीच पाठी बघितल्या होत्या. सातव्या दिवशी आईची पाठ बघायची माझी तयारी नव्हती.

दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, दीड वर्ष, एकटीने. आमच्याकडे हेच काम तीन पाळ्यांत सहा जणी करतात आणि तरी खुर्चीत बसून टिका करतात. हा हिशेब मला त्या तक्त्याला खिळा ठोकताना येत होता. मी तो केला नाही, कारण तो केला असता तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझी पाळी आली असती.

दवाखान्यात मी आधी का ओरडले, ते आता तुला कळलं असेल. तू तोंड उघडशील आणि म्हणशील, "ताई, तू तर त्या रविवारी येऊन गेलीस," याची मला धडकी भरली होती. म्हणून मी पहिली बोलले आणि मोठ्याने बोलले. तू काही म्हणाली नाहीस. तेव्हाही नाही, नंतरही नाही, मामाने तुझ्याशी बोलणं टाकलं तेव्हाही नाही. तुझं हे गप्प राहणं मी सोयीने वाचलं. मला वाटलं, हिलाच तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून गप्प आहे.

काल मामाला फोन केला. जे तुला वर लिहिलं तेच सांगितलं, वासाचं आणि टिकांचं, काही गाळलं नाही. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग नऊ महिने मी त्या पोरीबद्दल काय काय बोललो?" मी म्हटलं, माझ्या सांगण्यावरून बोललास. त्याने फोन ठेवला. काकूला संध्याकाळी सांगितलं. ती रडली, मग चिडली, मग म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग? तिला सांग." तिचं बरोबर आहे. मी आधी सोपी माणसं घेतली.

पाहुणा तुझा आहे. मी त्याला सांभाळायला आणलं नव्हतं, तुला शिक्षा म्हणून आणलं होतं, आणि ती त्यानेच भोगली. गुरुवारी, तीस तारखेला, माझी सुट्टी आहे. चार वाजता त्याला घेऊन तुझ्या दारात येईन. पाय दारात ठेवू नकोस म्हणाली होतीस, तर मी पायरीखाली उभी राहीन. टोपलीत जाळी, गवताची पिशवी, मलम आणि डॉक्टरीणबाईंचा कागद असेल. आणखी दहा दिवस मलम लावायचं आहे, आणि त्याला दोघी लागतात. एकीने धरायचं, एकीने लावायचं. मला आत बोलावलं जावं म्हणून हे लिहीत नाही, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला, त्यासाठीच लिहितेय. नाही बोलावलंस तर शिंपीकाका रोज येऊन धरतील, मी त्यांना विचारून ठेवलंय.

दार उघडलंस तर मी एक शब्द बोलणार नाही. नऊ महिन्यांत तुझं जे जे बोलायचं राहिलंय ते सगळं बोल. शेजारीपाजारी ऐकतील म्हणून आवाज कमी करू नकोस. मी केला नव्हता.

आणि एक राहिलं. इतकं सगळं लिहूनही मघापासून मी ते टाळतेय. त्या रविवारी मी पुरती चाळीस मिनिटंही बसले नाही. चहा घेतला, पर्स उचलली, आणि तू मला दारापर्यंत सोडायला आलीस. तेव्हा तू काहीतरी बोलणार होतीस. तुझं तोंड उघडलं होतं, मी बघितलं होतं. तू पहिला शब्द काढायच्या आत मी तुझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "आईला छान ठेवलंयस हो."

ताई